एकमताचा आकडा

वजनमापे खात्याचा निरीक्षक बाजारात येतो तेव्हा त्याच्या पिशवीत शिक्का मारलेली वजनं असतात. ती काट्यावर ठेवली की दुकानदाराचा काटा खरा की खोटा, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. मासळीतला पारा मोजणाऱ्या प्रयोगशाळा तो किती अचूक मोजतात, हे तपासणं हे माझं काम. फरक एवढाच की माझ्याकडे असं तयार वजन नसतं. ते माशाचंच करावं लागतं, आणि प्रत्येक फेरीला नवं.

या कामाला प्रवीणता चाचणी म्हणतात; बोलताना सगळे ‘पीटी’च म्हणतात. एकाच खेपेत तयार केलेल्या माशाच्या पुडीच्या बाटल्या आम्ही वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवतो. आत पारा किती आहे हे त्यांना सांगत नाही. त्यांनी ठरलेल्या मुदतीत मोजून आकडा कळवायचा. तो आकडा खऱ्या मूल्यापासून किती दूर पडला ते पाहायचं, त्या अंतराला आधीच ठरवून ठेवलेल्या मापाने भागायचं, की झेड स्कोअर मिळतो. दोनच्या आत असला तर समाधानकारक, दोन ते तीनच्या मध्ये शंकास्पद, तीनच्या पुढे असमाधानकारक. आकडा कमी आला असेल तर स्कोअर उणे. प्रयोगशाळेची मान्यता टिकवायची तर हा कागद फाइलमध्ये लागतोच, त्यामुळे आमचा अहवाल निघाला की फोन सुरू होतात. “मॅडम, आमचा झेड उणे तीनच्या खाली आलाय आणि पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे,” असा आवाज मी पुष्कळदा ऐकलेला आहे.

मोजायचं किती, तेही सांगते. बहुतेक माशांसाठी पाऱ्याची मर्यादा भारतात आणि युरोपीय संघात दर किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या शिकारी माशांना १ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे वीस लाख भागांत एक भाग. तपासणीला प्रयोगशाळा अर्धा ग्रॅम मासा घेते. त्यात पाव मायक्रोग्रॅम पारा असतो. तो आम्लात विरघळवून पन्नास मिलिलिटर केला की लिटरला पाच मायक्रोग्रॅम. एवढ्याशा पाऱ्याला वाटेत निसटायला जागा फार. तो उडतो, प्लॅस्टिकला चिकटतो, रबरी नळीत बसून राहतो आणि पुढच्या नमुन्यात डोकं वर काढतो.

आमचं वजन कसं तयार होतं ते पाहण्यासारखं आहे. मासा बाजारातून येतो. मोरी, म्हणजे मुशी, आम्हाला सोयीची. शार्क असल्यामुळे तिच्यात पारा जात्याच जास्त. बांगड्यासारख्या लहान माशात तो फार थोडा असतो. दोघांचं मांस योग्य प्रमाणात मिसळलं की हवी ती पातळी गाठता येते. पाऱ्याचं द्रावण वरून घालून पातळी वाढवणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. माशाच्या अंगात भिनलेला पारा मिथाइल रूपात असतो आणि प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरून असतो. वरून घातलेला पारा पुडीवर नुसता बसलेला असतो, तो आम्लात सहज सुटतो. ज्या प्रयोगशाळेला खरा मासा नीट विरघळवता येत नाही, तीही अशा नमुन्यात उत्तीर्ण होते.

मांस सोलताना स्टीलची सुरी चालत नाही, कारण याच बाटल्यांमध्ये पुढे कोणी क्रोमियम आणि निकेलही मोजणार असतं. सिरॅमिकच्या सुऱ्या असतात. साल, काटे, लालसर पट्टा काढून मांस गोठवतात आणि निर्वात यंत्रात बर्फ थेट वाफ होऊन निघून जाईपर्यंत सुकवतात. आत ठेवलेले पांढरे, ओले तुकडे बाहेर येतात तेव्हा बोटांनी चुरडले जातात, वजन पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरतं. “सुकवताना पारा उडणार नाही?” हा प्रश्न नवा माणूस हमखास विचारतो. उडत नाही, गंधकाची पकड इतकी पक्की असते की या थंड, निर्वात वाळवणीत मिथाइल पारा जागचा हलत नाही. मग दळणं, नायलॉनच्या चाळणीतून चाळणं, आणि पिंपात घालून तासन्‌तास फिरवत ठेवणं. ही शेवटची पायरी कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पहिली बाटली आणि शेवटची बाटली यांच्यात फरक राहिला, तर प्रयोगशाळेचा दोष कोणता आणि आमचा कोणता हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून भरून झालेल्या बाटल्यांतून चिठ्ठ्या टाकून दहा उचलतात, प्रत्येकीतून दोनदा मोजतात, आणि बाटली-बाटलीतला फरक ठरलेल्या मापाच्या तीन दशांशाच्या आत आहे ना ते बघतात. नसेल तर पिंप पुन्हा फिरतं.

इथवरचं काम हातांचं. खरा पेच पुढे आहे: बाटलीतलं खरं मूल्य कोण ठरवणार?

सगळ्यात स्वस्त आणि रुळलेला मार्ग म्हणजे भाग घेणाऱ्यांनाच विचारायचं. सगळ्यांचे आकडे गोळा करायचे, टोकाच्या आकड्यांचा प्रभाव कमी होईल अशा रीतीने सरासरी काढायची, आणि तिलाच खरं मूल्य धरायचं. आंतरराष्ट्रीय मानकात याची रीतसर पद्धत दिलेली आहे, आणि कित्येक घटकांच्या बाबतीत ती चालते. दुधातली स्निग्धता मोजताना कोणी थोडं जास्त मोजतो, कोणी थोडं कमी, आणि बेरीज-वजाबाकी होऊन मधला आकडा खऱ्याजवळ येतो. पाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब बसत नाही. पारा मोजताना होणाऱ्या चुका बहुतेक एकाच बाजूला झुकतात. उघड्या फ्लास्कमध्ये हॉटप्लेटवर मासा आम्लात उकळला तर पारा वाफेबरोबर जातो. विरघळलेलं द्रावण पातळ करून साध्या प्लॅस्टिकच्या नळीत ठेवलं तर तो भिंतीला लागतो. दूषित आम्लामुळे किंवा कधीकाळी त्या खोलीत फुटलेल्या तापमापीमुळे आकडा वर जातो हेही खरं, पण ते क्वचित. गळती रोजची. सगळ्यांचा पारा एकाच दिशेने गळत असेल, तर सगळ्यांचं एकमत हे गळतीचंच एकमत असतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, एका फेरीत डोळ्यांसमोर पाहिलं. आकडे चढत्या क्रमाने मांडून आलेख काढला, तर मधे एक उंचवटा यायला हवा होता. आले दोन. वरच्या उंचवट्यातले आकडे एकमेकांना बिलगून होते. खालचे पसरट, पण संख्येने जास्त. प्रयोगशाळांनी कळवलेल्या पद्धती शेजारी लिहिल्या तेव्हा उलगडा झाला. वरच्या गटात बंद भांड्यात मायक्रोवेव्हने मासा विरघळवणारे होते, आणि डीएमए वापरणारे, म्हणजे मासा विरघळवण्याच्या भानगडीतच न पडणारे. या यंत्रात पुडी निकेलच्या छोट्या होडीत घालून प्राणवायूत जाळतात, सुटलेली पाऱ्याची वाफ सोन्याच्या जाळीवर धरतात, मग जाळी तापवून ती सोडतात आणि २५३.७ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. खालच्या गटात बहुतेक सगळे हॉटप्लेटवाले.

तांत्रिक समितीच्या बैठकीत मत पडलं की पद्धत ठरलेली आहे, मधलं मूल्य घ्यावं, अहवाल वेळेवर जाऊ द्यावा. तसं केलं असतं तर मधलं मूल्य खालच्या उंचवट्याकडे सरकलं असतं, आणि ज्यांनी बरोबर मोजलं त्यांच्याच नावापुढे ‘शंकास्पद’ लागलं असतं. त्यांनी मग काय केलं असतं? रूट कॉज शोधायचा म्हणून उत्तम चालणाऱ्या यंत्राला हात घातला असता. मी त्या बैठकीत अडून बसले. अहवाल लांबणीवर पडला, दोन-तीन पत्रं कडक भाषेत आली. त्या काळात आम्ही त्याच बाटल्या समस्थानिक विरलीकरणाने मोजून घेतल्या. या पद्धतीत पाऱ्याच्या एका समस्थानिकाचं नेमकं प्रमाण नमुन्यात आधीच मिसळतात आणि शेवटी फक्त समस्थानिकांचं गुणोत्तर मोजतात. दोन्ही पारे एकदा एकजीव झाले की वाटेत थोडा गळाला तरी गुणोत्तर बदलत नाही. उत्तर वरच्या उंचवट्यात पडलं.

तेव्हापासून माझा हट्ट आहे की पाऱ्याच्या फेरीत खरं मूल्य भाग घेणाऱ्यांच्या मतदानातून काढायचं नाही. हा हट्ट काही माझा एकटीचा नाही. बेल्जियममधल्या गील इथल्या युरोपीय संघाच्या संस्थेने १९८८ पासून चालवलेल्या आयमेप या कार्यक्रमाचं तत्त्वच हे होतं: संदर्भमूल्य भाग घेणाऱ्यांपासून स्वतंत्र हवं. २०१० साली सागरी अन्नातल्या जड धातूंची जी फेरी त्यांनी घेतली, तिच्यात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा डोल्ट-४ हा प्रमाणित पदार्थच नव्या बाटलीतून पाठवला होता. डोल्ट म्हणजे डॉगफिश या छोट्या शार्कच्या यकृताची पूड. तिच्यातला एकूण पारा किलोला २.५८ मिलिग्रॅम, आणि त्यात मिथाइल पारा १.३३, जेमतेम अर्धा. माशाच्या मांसात जवळपास सगळा पारा मिथाइल असतो, यकृतात तसं नसतं. मासा म्हटलं की एकूण पारा तोच मिथाइल पारा, असं समजून चालणाऱ्याला ही बाटली तिथेच थांबवते. अशी निवड करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

एकाच पद्धतीने मोजणाऱ्या तीस जणांच्या एकमतापेक्षा अगदी वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन पद्धतींचं जुळणं मला जास्त विश्वासाचं वाटतं. याचं एक जुनं उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. १९७० च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचे रसायनाचे प्राध्यापक ब्रूस मॅकडफी यांना डबाबंद ट्यूनात मर्यादेपेक्षा जास्त पारा सापडला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. बाजारातून डबे मागे घेण्यात आले. लोकांच्या मनात मिनामाता ताजं होतं. जपानच्या त्या किनारी गावातला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला होता आणि त्याचं मूळ कारखान्यातून खाडीत सोडलेल्या पाऱ्यात निघालं होतं. मग ट्यूनातला हा पाराही कारखान्यांनीच समुद्रात ओतला का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संशोधकांनी संग्रहालयात जपून ठेवलेले सात ट्यूना तपासले, १८७८ ते १९०९ या काळात पकडलेले. त्यांनी वापरलेली पद्धत न्यूट्रॉन सक्रियणाची. नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा आणि त्यातून येणाऱ्या किरणांवरून पारा ओळखायचा; हॉटप्लेटची वाफ नाही, भिंतीला चिकटणं नाही. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा की जुन्या माशांतला पारा नव्यांच्या इतकाच होता. सात माशांवरून साऱ्या समुद्राचा निकाल लावता येत नाही, आणि पुढे या विषयावर खूप काम झालं. पण अशा नाजूक प्रश्नाला हात घालताना त्यांनी मोजण्याची पद्धत किती विचारपूर्वक निवडली, ते मला महत्त्वाचं वाटतं.

अहवाल पाठवून आमचं काम संपतं, असं काही जण मानतात. मी मानत नाही. उणे आलेल्या प्रयोगशाळेने बोलावलं तर मी जाते. किनाऱ्यावरच्या एका गावातली प्रयोगशाळा सतत वीस-पंचवीस टक्के कमी मोजत होती. माणसं मेहनती, यंत्र चांगलं, आणि कागदोपत्री कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्यांचा सगळा भरवसा स्पाइक रिकव्हरीवर. नमुन्यात ठरावीक पारा मुद्दाम घालायचा आणि तो पूर्ण परत मिळतो का ते पाहायचं. त्यांचा पूर्ण परत मिळत होता.

पारा मोजणारी मुलगी नुकतीच एमएस्सी होऊन लागलेली. मी तिला म्हटलं, तू नेहमीसारखं काम कर, मी नुसती बसते. शनिवार होता. तिने मासा विरघळवला, द्रावण पातळ केलं, पातळ प्लॅस्टिकच्या नळ्यांत भरून झाकणं लावली आणि स्टँड कपाटात ठेवला.

“आता?”

“आता सोमवारी रीडिंग, मॅडम. यंत्र आज आर्सेनिकला लागलंय.”

“आणि स्पाइक कधी घालतेस?”

“सोमवारी. रीडिंग घ्यायच्या आधी.”

ती बोलता बोलता थांबली. रविवारभर नळीच्या भिंतीने जो पारा खाल्ला, त्याचा हिशेब त्या स्पाइकला कुठून लागणार? तो तर सोमवारी आलेला, ताजा. पूर्ण परत मिळणारच. कार्यपद्धतीत ‘नमुन्यात स्पाइक घालावा’ एवढंच लिहिलेलं, कोणत्या टप्प्यावर ते लिहिलेलं नाही, आणि आधीच्या माणसाने जसं दाखवलं तसं ती करत होती. आम्ही दोघींनी तेव्हाच एक तुलना लावली. तेच द्रावण अर्धं प्लॅस्टिकच्या नळीत, अर्धं काचेच्या कुपीत पोटॅशियम डायक्रोमेट घालून. सोमवारी तिचा फोन आला तेव्हा आकडे सांगण्याआधीच आवाजावरून कळलं. आता तिथे स्पाइक आम्लाच्याही आधी, कोरड्या माशावर पडतो, आणि पाऱ्याचे नमुने त्याच दिवशी वाचले जातात. आर्सेनिक थांबतं.

दुसरी एक चूक वारंवार भेटते, तिचा रसायनाशी काही संबंध नाही. मर्यादा ओल्या माशावर लिहिलेली असते आणि आमची पूड असते कोरडी. आम्ही पत्रात ठळक लिहितो की बाटलीत आहे त्या स्थितीत आकडा कळवा. तरी एखाद्या ठिकाणी संगणकातला नेहमीचा तक्ता ओलाव्याचा गुणक आपोआप लावतो आणि आकडा चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. असा आकडा बघताक्षणी ओळखू येतो.

मिथाइल पाऱ्याच्या बाबतीत एककाचा घोळ याहून कठीण. एका होतकरू विश्लेषकाने एकदा घाबऱ्याघुबऱ्या फोन केला. युरोपातून मागवलेल्या महागड्या ट्यूनाच्या पुडीचं प्रमाणपत्र त्याच्या हातात होतं. “मॅडम, एकूण पारा ५.२४ आणि मिथाइल पारा ५.५०. भाग अख्ख्यापेक्षा मोठा कसा? प्रमाणपत्रच चुकलंय.” चुकलेलं नव्हतं. एकूण पारा नुसत्या पाऱ्याच्या वजनात दिला होता आणि मिथाइल पारा मिथाइल गटाचं वजन धरून. पाऱ्याचं अणुवजन सुमारे २००.६, मिथाइल जोडला की २१५.६, सात-साडेसात टक्के फरक. ५.५० ला १.०७५ ने भागलं की ५.१२ येतात, आणि ते ५.२४ च्या आत बसतात. त्याने प्रश्न विचारला याचा मला आनंद झाला. न विचारता दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मोकळे होणारे बरेच आहेत.

आता ज्या गोष्टीबद्दल मी समितीत अजून भांडते आहे, ती. झेड स्कोअर काढताना अंतराला ज्या मापाने भागतात, ते माप कुठून आणायचं? बहुतेक ठिकाणी ते हॉरविट्झच्या सूत्रातून येतं. विल्यम हॉरविट्झ हे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनातले रसायनज्ञ. वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या मापनांचे ढीग तपासून त्यांनी १९८० मध्ये दाखवलं की पदार्थ जितका कमी, तितका प्रयोगशाळांमधला फरक वाढतो, आणि तोही एका ठरावीक चढाने. निरीक्षण म्हणून ते अप्रतिम आहे. पण पाऱ्याला लावून पाहा. ०.५ मिलिग्रॅमला हे सूत्र सुमारे अठरा टक्के देतं, म्हणजे ०.०९. दोनपर्यंतचा झेड समाधानकारक. म्हणजे माशात नेमका ०.५ पारा असताना एखादी प्रयोगशाळा ०.३२ म्हणाली काय किंवा ०.६८ म्हणाली काय, दोघींना आम्ही सारखंच उत्तीर्ण म्हणणार.

निर्यातदाराच्या बाजूने बघितलं तर ०.६८ म्हणजे परत आलेला कंटेनर. कोकणातल्या स्वयंपाकघराच्या बाजूने बघितलं तर मला ०.३२ ची जास्त भीती वाटते. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मुशी घालतात. माझ्या आजोळी तर तिच्याशिवाय बाळंतपण पुरं होत नसे. लहान मुशीत मोठीपेक्षा पारा कमी, आणि मासळीतून मिळणारं पोषण बाळाला हवंच असतं, त्यामुळे या चालीला मी नावं ठेवणार नाही. पण हिशेब करून बघू. अन्न आणि कृषी संघटना व जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल पाऱ्याची आठवड्याची सुसह्य मात्रा शरीराच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि ती आणली पोटातल्या बाळाच्या मेंदूकडे पाहून. साठ किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशात ०.५ पारा असेल तर तिने १९२ ग्रॅमवर थांबायला हवं. कागदावर ०.३२ लिहून आलं असेल तर आपण तिला ३०० ग्रॅम खायला सांगणार. आणि ज्या प्रयोगशाळेने हे लिहिलं, तिला आमचं प्रमाणपत्र मिळालेलं असणार.

हॉरविट्झ यांनी पाहिलेल्या जुन्या मोजमापांच्या काळात डीएमए नव्हतं. आज चांगली प्रयोगशाळा हा पारा पाच-सात टक्क्यांत सहज मोजते. म्हणून माझं म्हणणं आहे की पाऱ्यासाठी माप अठरावरून दहा टक्क्यांवर आणावं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही मी ऐकून घेतलेलं आहे: लहान गावांतल्या, जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रयोगशाळा बाहेर पडतील, मग किनाऱ्याजवळ मोजणारं कोणी उरणार नाही. यात तथ्य आहे. त्यावर मला एवढंच सुचतं की नापास करून सोडून न देता त्यांच्याकडे जावं, शनिवारी बसावं, नळ्या बघाव्यात. यंत्र न बदलता सुधारलेल्या प्रयोगशाळा मी पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खुपते. पीटीची बाटली आली की काही ठिकाणी तिचा पाहुणचार होतो. सगळ्यात अनुभवी माणूस मोजायला बसतो, नवं आम्ल फोडलं जातं, तोच नमुना पुन्हा पुन्हा लावला जातो, आणि कुठे कुठे ओळखीच्या प्रयोगशाळेला फोन करून ‘तुमचा किती आला?’ असंही विचारलं जातं. फोनचा बंदोबस्त सोपा आहे: आम्ही एकाच फेरीत दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या बाटल्या पाठवतो, आणि कुणाला कोणती गेली हे त्यांना कळत नाही. पाहुणचाराचा बंदोबस्त कठीण. त्या दिवशीचा आकडा उत्तम येतो, पण दुसऱ्या दिवशी ट्रकमधून आलेल्या सुरमईचा आकडा कोणी मोजला, कसा मोजला, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ज्या प्रयोगशाळेने आमची बाटली नेहमीच्या रांगेत, नेहमीच्या माणसाकडून मोजली आणि जिचा झेड अडीच आला, ती मला पाहुणचार करणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा पुढची वाटते. तिच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीतरी आहे.

पुढची फेरी म्हाकुलाची आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये म्हाकूल, माणके आणि त्यांच्या जातभाईंची मर्यादा ०.५ वरून ०.३ वर आणली, आणि आपल्या किनाऱ्यावरून तिकडे जाणारा हा माल थोडाथोडका नाही. या वेळी कोरडी पूड न देता ओला, गोठवलेला लगदा द्यायचा असं आम्ही ठरवलं आहे. वाहतूक अवघड होईल, बर्फ वितळला तर नमुना बाद, खर्चही वाढेल. पण प्रयोगशाळेत रोज येतो तो माल ओलाच असतो. खरं मूल्य समस्थानिक विरलीकरणाने आधीच निश्चित होऊन बंद पाकिटात राहील. निकालाच्या अर्जात या वेळी तीन नवे रकाने घातले आहेत: नमुना कुणाच्या हातून मोजला गेला, नमुना विरघळवल्यापासून वाचेपर्यंत किती तास गेले, आणि स्पाइक कोणत्या टप्प्यावर घातला. दहा टक्क्यांचं माप समितीने अजून मान्य केलेलं नाही. या फेरीत अहवालात दोन्ही झेड स्कोअर छापले जातील, शेजारी शेजारी.